स्लायडिंग मोड सिम्युलेशनमध्ये चालतो, गाडीवर गचके देतो: गेन वाढवायचा का?

प्रश्न थोडक्यात असा. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी, गाडीकडून मागू तेवढंच त्वरण मिळावं म्हणून स्लायडिंग मोड कंट्रोलर (चूक धन की ऋण ते पाहून जोरानं उलटसुलट दुरुस्ती करणारा) लिहिला. सिम्युलेशनमध्ये चूक, म्हणजे मागणी आणि मिळालेलं यांतला फरक, शून्यावर जाऊन बसते. तोच कंट्रोलर १.२ लिटर पेट्रोल इंजिनाच्या, मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीवर चढवला तर पहिल्या-दुसऱ्या गिअरात गाडी गचके खाते, आणि चढ संपला की वेग मागणीच्या पुढे निघून जातो. मार्गदर्शक म्हणतात गेन, म्हणजे चुकीला किती जोरानं उत्तर द्यायचं तो गुणक, वाढवा. कंपनीतले ओळखीचे म्हणतात नॉनलिनिअर कंट्रोल कागदावरच शोभतो, पीआयडी (चूक, तिची साठलेली बेरीज आणि तिच्या बदलाचा वेग यांवर चालणारा नेहमीचा कंट्रोलर) आणि मॅप (मोजून भरलेले तक्ते) पुरतात.

गेन वाढवू नका, हे आधी सांगतो. कारण पुढे येईलच. आणि मॅप म्हणजे नॉनलिनिअर कंट्रोल नव्हे, हेही खरं नाही. ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या संगणकातला) पेडलवरून टॉर्क (फिरवणारा जोर), टॉर्कवरून हवा आणि हवेवरून थ्रॉटलचा (हवेच्या झडपेचा) कोन काढणारा प्रत्येक तक्ता म्हणजे इंजिनाच्या एकेका वक्र नात्याचा उलटा आहे. पुस्तकात त्याला फीडबॅक लिनिअरायझेशन म्हणतात. फरक एवढाच, की पुस्तकात तो सूत्रानं काढतात आणि कारखान्यात डायनोवर (इंजिनाचा टॉर्क मोजणाऱ्या मंचावर) मोजून भरतात. माझ्या मते पॉवरट्रेनमध्ये नॉनलिनिअर पद्धतींचा नव्वद टक्के फायदा या उलट्या गणितात आहे. उरलेला मजबुतीचा भाग, म्हणजे तुमचं ते चिन्ह पाहून उलटसुलट होणारं पद, जितकं लहान ठेवाल तितकं बरं.

आधी उलटं गणितच नीट करू. गाडी १,२०० किलोची धरा, टायरची त्रिज्या ०.२९ मीटर, तिसऱ्या गिअरात एकूण गुणोत्तर ५.४१, वेग ताशी ५० किलोमीटर आणि मागणी १ मीटर प्रति सेकंद वर्गाची. हवेचा रोध साधारण ७८ न्यूटन, टायरचा साधारण १४०. म्हणजे सपाट रस्त्यावर दोन्ही मिळून २२० च्या आत. त्वरणाला लागणारं बल मात्र नुसतं १,२०० न्यूटन नाही. इंजिन आणि फ्लायव्हीलही त्याबरोबर गतीत आणायचं असतं. त्यांचं जडत्व ०.१२ किलो-मीटर वर्ग धरलं, तर तिसऱ्या गिअरात ते गाडीत ४२ किलो जास्त भरल्यासारखं वागतं. पहिल्या गिअरात गुणोत्तर १४.३५ असेल तर तेच जडत्व २९४ किलोंचं होतं, कारण ते गुणोत्तराच्या वर्गानं वाढतं. अनेक प्रबंधांत वस्तुमान एकच स्थिरांक धरलेलं दिसतं. मग पहिल्या गिअरात पाचवा हिस्सा कमी पडतो आणि ती सगळी तूट फीडबॅकच्या, म्हणजे चूक पाहून दुरुस्ती करणाऱ्या भागाच्या, गळ्यात पडते.

तिसऱ्या गिअरात सपाटीवर हिशेब १,४६० न्यूटनवर येतो. चाकावर ४२३ न्यूटन-मीटर, आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियलची कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर इंजिनाकडे ८५ न्यूटन-मीटर मागायचे. आता रस्ता शेकडा ५ चढाचा करा. एकट्या चढाचे ५८८ न्यूटन वाढतात, हवा आणि टायर मिळून जेवढं खातात त्याच्या अडीच पटींहून जास्त. मागणी ११९ न्यूटन-मीटरवर जाते. या आकाराचं विनाटर्बो पेट्रोल इंजिन कमाल ११३ च्या आसपास देतं, तेही ४,००० फेऱ्यांच्या जवळपास. इथे इंजिन फिरतंय २,४७५ वर. म्हणजे मागणी पुरी होणं शक्यच नाही, आणि कंट्रोलर स्थिर असल्याच्या कोणत्याही लियापुनोव्ह सिद्धतेनं त्यात फरक पडणार नाही.

चढ संपल्यावर वेग पुढे का जातो, ते इथेच कळतं. तुमच्या सरकत्या पृष्ठात, म्हणजे कंट्रोलर जी राशी शून्यावर आणू बघतो तिच्यात, चुकीची साठत जाणारी बेरीज, म्हणजे संकलन, आहे. चढावर टॉर्क कमाल मर्यादेला टेकलेला असताना ते संकलन फुगत राहतं. माथा ओलांडला, चढाचं बल गेलं, तरी फुगलेलं संकलन उतरेपर्यंत कंट्रोलर पूर्ण टॉर्क मागत राहतो. पीआयडीत हा आजार सगळ्यांना माहीत असतो आणि त्याला अँटी-वाइंडअप, म्हणजे संकलन फुगू न देणारा लगाम, लावायचं हेही माहीत असतं. स्लायडिंग मोड लिहिताना मात्र संकलन पृष्ठाच्या व्याख्येत दडलेलं असल्यानं ते नजरेतून सुटतं. माझा उपाय असा: संकलन थांबवण्याआधी मागणीच कापा. त्या क्षणी इंजिन जास्तीत जास्त किती टॉर्क देऊ शकतं हे ईसीयूला माहीत असतं. तोच आकडा उलट्या वाटेनं नेऊन मिळू शकणारं त्वरण काढा आणि संदर्भ त्याच्या वर जाऊ देऊ नका. मग चूक फुगायला जागाच राहत नाही.

चढाचा अंदाज वेगळा काढायचा का, असा पुढचा प्रश्न येतो. बऱ्याचदा गरज नसते. ईएसपीसारखी, म्हणजे गाडी घसरू न देणारी, यंत्रणा असलेल्या गाडीत सहसा लांबीच्या दिशेचा त्वरणमापक असतो. तो खरं त्वरण अधिक चढाचा वाटा, अशी बेरीज दाखवतो. तुम्हाला बलाच्या हिशेबात नेमकी हीच बेरीज हवी असते. चाकांच्या वेगावरून काढलेलं त्वरण त्यातून वजा केलं की चढ उरतो. फक्त पिकअप घेताना गाडीचं नाक वर उचललं जातं आणि तो कोनही चढ म्हणून मोजला जातो, तेवढी दुरुस्ती करा.

आता इंजिन. थ्रॉटलपासून टॉर्कपर्यंतची वाट चांगलीच वाकडी आहे. थ्रॉटलमागच्या मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीतला, दाब बाहेरच्या दाबाच्या ०.५३ पटीखाली असेल तर हवा ध्वनीच्या वेगानं आत येते आणि प्रवाह फक्त उघडलेल्या क्षेत्रावर ठरतो. दाब त्याहून वर गेला की प्रवाह दोन्ही बाजूंच्या दाबांवर ठरू लागतो. दीड हजार फेऱ्यांवर थ्रॉटल पाव ते एक तृतीयांश उघडलं की मॅनिफोल्ड बाहेरच्या दाबाच्या जवळ पोचतो. पुढे कितीही उघडा, हाती फारसं लागत नाही. उलटं गणित इथे धोक्याचं होतं. सरळ वाटेचा उतार शून्याजवळ म्हणजे उलट्या वाटेचा उतार अफाट, आणि अर्ध्या न्यूटन-मीटरच्या मागणीसाठी थ्रॉटल दहा अंश हलतं. त्या भागात उलट्याला मर्यादा घालावीच लागते.

शिवाय उशीर आहे. मॅनिफोल्ड भरायला वेळ लागतो. दोन लिटरचं मॅनिफोल्ड आणि ०.८ भरण कार्यक्षमता (सिलिंडर हवेनं किती भरतो ते प्रमाण) धरली, तर १,५०० फेऱ्यांवर कालांक, म्हणजे बदल बराचसा पुरा व्हायला लागणारा वेळ, सुमारे ०.१७ सेकंद येतो, ४,५०० वर त्याचा तिसरा हिस्सा. आत आलेल्या हवेचा टॉर्क होईपर्यंत क्रँकशाफ्टचा साधारण एक फेरा जातो, म्हणजे १,५०० वर आणखी ४० मिलिसेकंद. थ्रॉटलच्या पाकळीचं स्वतःचं उघडणं आणि कॅन या गाडीतल्या संदेशवाहिनीवरच्या संदेशाची ये-जा वेगळी. तुमच्या सिम्युलेशनमध्ये यातलं काय होतं ते बघा. बहुतेक वेळा टॉर्क मागितला की तत्काळ मिळतो असंच धरलेलं असतं.

ही वाट कागदावर नीट मांडण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात बर्कलीच्या कार्ल हेड्रिक यांच्या गटाला जातं. १९८९ साली चो आणि हेड्रिक यांनी नियंत्रणासाठी पॉवरट्रेनचं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यावर या गटानं एकावर एक पृष्ठं रचली: वेगाच्या चुकीवरून हवा तो टॉर्क, टॉर्कवरून मॅनिफोल्डमध्ये हवी ती हवा, आणि हवेवरून थ्रॉटल. अडचण अशी, की प्रत्येक पायरीला वरच्या मागणीचं अवकलन (बदलाचा दर) लागतं. टॉर्कचा मॅप मोजलेल्या बिंदूंचा असतो. त्याचं एकदा अवकलन केलं की गोंगाट होतो, दोनदा केलं की काही उरतच नाही, आणि बॅकस्टेपिंग या अशाच पायरीपायरीच्या पद्धतीत तर पदांची संख्या पायरीगणिक फुगते. डायनॅमिक सरफेस कंट्रोल यातून निघाला. २००० साली स्वरूप, हेड्रिक, यिप आणि गर्डिस यांनी तो नीट मांडला. युक्ती इतकी साधी की पहिल्यांदा वाचताना काहीतरी राहून गेलंय असं वाटतं: वरच्या पायरीची मागणी पहिल्या कोटीच्या फिल्टरमधून काढा आणि अवकलन फिल्टरचंच वापरा. मागणी थोडी उशिरा पोचते, पण मॅपचं अवकलन करावं लागत नाही. तुमच्या प्रकल्पात एकच गोष्ट बदलायला वेळ असेल तर ही बदला.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ आय-१५ महामार्गावर कॅलिफोर्नियाच्या पाथ या स्वयंचलित महामार्गांच्या संशोधन प्रकल्पानं आठ ब्युइक लसेबर गाड्या एकामागोमाग सुमारे साडेसहा मीटर अंतरानं, चालकानं हात-पाय न लावता चालवून दाखवल्या. मार्गिका धरण्यासाठी रस्त्यात चुंबकं पुरली होती. अंतर राखायला रडार होतं आणि गाड्या एकमेकींशी रेडिओवरून बोलत होत्या. रेडिओ हौसेसाठी नव्हता. ठरावीक मीटरांचं अंतर ठेवायचं आणि फक्त पुढच्याच गाडीकडे बघायचं म्हटलं, तर चूक मागे सरकताना वाढत जाते. कंट्रोलर कितीही हुशार असो, आघाडीच्या गाडीची माहिती मिळाल्याशिवाय ते टळत नाही. आजच्या गाड्यांतले अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ म्हणूनच मीटरांऐवजी सेकंदांत अंतर ठेवतात, वेग वाढला की अंतर वाढवतात.

आता गचके. तुमच्या प्रश्नाचा हाच गाभा आहे.

इंजिन आणि चाकं यांच्यात हाफशाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) असतात आणि ते पिळतात. दोन्हींचा मिळून ताठपणा १०,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन धरा. वरच्याच गाडीसाठी हिशेब केला तर पहिल्या गिअरात इंजिन आणि गाडी एकमेकांविरुद्ध सुमारे ३.६ हर्ट्झनं झुलतात, तिसऱ्यात ८.६ नं. नवशिक्यानं क्लच सोडला की गाडी जशी मान डोलावत पुढे जाते, तोच हा झोका. ३.६ हर्ट्झ म्हणजे एका झोक्याला ०.२८ सेकंद. तुमचा कंट्रोलर चाकाच्या वेगातली चूक बघतो आणि थ्रॉटलला सांगतो. ते सांगणं टॉर्क होऊन पोचेपर्यंत ०.१५ ते ०.२ सेकंद जातात, म्हणजे अर्धा झोका उलटून गेलेला असतो. गाडी मागे खेचली जात असताना द्यायचा टॉर्क ती आपणहून पुढे येत असताना मिळतो. दुरुस्तीच झोका वाढवते. गेन जितका जास्त, तितका जोरात धक्का. मार्गदर्शकांना हे आकडे दाखवा, वाद घालावा लागणार नाही.

त्यात प्ले आहे. गिअरच्या दात्यांत, डिफरन्शियलमध्ये, स्प्लाइनमध्ये थोडी थोडी मोकळी जागा असते, आणि पहिल्या गिअरात क्रँकशाफ्टवरून मोजली तर ती एकूण कित्येक अंश भरते. टॉर्क धनावरून ऋणावर किंवा उलट जातो तेव्हा दाते एका बाजूनं सुटून दुसऱ्या बाजूला जाऊन आपटतात. मधल्या काळात इंजिन मोकळं असतं. समजा प्ले १० अंश आहे आणि त्या वेळी ४० न्यूटन-मीटर लावले. इंजिन ते अंतर ३२ मिलिसेकंदांत कापतं आणि आदळताना मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक असतो. हीच 'ठक्क' बोनेटखालून ऐकू येते. तेच १० न्यूटन-मीटरनं पार केलं तर ६५ मिलिसेकंद लागतात, पण आदळण्याची ऊर्जा चौथा हिस्सा होते. बाजारातल्या गाड्यांत म्हणूनच पेडल दाबल्यावर किंवा सोडल्यावर टॉर्क शून्याजवळ मुद्दाम हळू नेतात, दाते टेकू देतात आणि मग सोडतात. चालकाला फार तर वाटतं की पिकअप किंचित मऊ आहे.

आता चिन्ह पाहून उलटणारं पद या यंत्रात सोडा. ते सेकंदाला अनेकदा धन-ऋण होतं. हलक्या पेडलवर सरासरी टॉर्क शून्याजवळ असतो, म्हणजे प्रत्येक उलटण्याला दाते एका बाजूवरून दुसरीकडे. या उलटण्याला चॅटरिंग म्हणतात. कागदावर ते म्हणजे आलेखावर जाड दिसणारी रेघ. गाडीत ते दात्यांवर घण घालणं आहे.

म्हणून स्लोटीन यांचा सीमास्तर, म्हणजे शून्याभोवतीचा असा पट्टा ज्यात ते पद एकदम न उलटता चुकीच्या प्रमाणात बदलतं, घ्या आणि त्याची जाडी आकड्यानं ठरवा, नजरेनं नको. तुमच्या अंदाजातली सर्वांत मोठी चूक त्वरणाच्या भाषेत किती? शेकडा ५ चढाचा पत्ताच लागला नाही तर ०.५, वस्तुमानाची वगैरे मिळून ०.६ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. स्तराच्या आत कंट्रोलर हा साधा गेनच असतो: ०.६ भागिले स्तराची जाडी. एकूण उशीर ०.२ सेकंद असताना तो गेन ५ च्या जवळ नेणं म्हणजे संकट मागवणं. २.५ च्या आत राहायला जाडी ०.२५ मीटर प्रति सेकंद लागते, म्हणजे ताशी ०.९ किलोमीटर. एवढी वेगातली चूक स्तराच्या आत खपवून घ्यायची आणि हळू संकलनानं ती नंतर पुसायची. एवढ्यासाठी स्लायडिंग मोड कशाला, पीआय (पीआयडीच, बदलाच्या वेगाचं पद सोडून) आणि फीडफॉरवर्ड (चुकीची वाट न बघता हिशेबानं दिलेली मागणी) झाला की हा, असं म्हणाल. झालाच. फक्त आता त्याचा गेन कुठून आला हे तुम्हाला सांगता येतं, आणि गिअर बदलला की तो किती बदलायचा हेही. लेवांत यांचं सुपर-ट्विस्टिंग, म्हणजे उलटणारं पद संकलनाआड ठेवणारा स्लायडिंग मोडचा प्रकार, सुचवणारे भेटतील. त्यात टॉर्कची मागणी सलग राहते हे खरं, पण मॅनिफोल्डचा आणि वाटेतला उशीर त्यालाही झुलवतो.

मग झोका कोण मारणार? त्याला वेगळी, जलद वाट लागते: ठिणगी. चार सिलिंडरच्या इंजिनात १,५०० फेऱ्यांवर दर २० मिलिसेकंदांनी एक ज्वलन होतं. ठिणगी थोडी उशिरा दिली की पुढच्याच ज्वलनाला टॉर्क कमी होतो. इंजिनाच्या वेगातला झोक्याच्या वारंवारितेचा भाग गाळून घ्यायचा आणि त्याच्या विरुद्ध दिशेनं ठिणगी हलवायची. गाळणीची वारंवारिता गिअरप्रमाणे बदलायची, कारण ३.६ आणि ८.६ एका गाळणीत बसत नाहीत. ठिणगीनं टॉर्क वाढवायचाही असेल तर आधी तो थोडा राखून ठेवावा लागतो, म्हणजे हवा जास्त घेऊन ठिणगी मागे ठेवायची. त्यात इंधन जातं आणि कॅटॅलिस्ट तापतो. म्हणून ही चैन फक्त टिप-इन (पेडल दाबणं) आणि टिप-आउटच्या (पेडल सोडणं) एखाद्या सेकंदापुरती करायची.

दोन वाटा एकत्र नांदवण्यासाठी टॉर्क ही समाईक भाषा लागते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बॉशच्या एमई-७ सारख्या प्रणालींनी ती आणली: चालक, क्रूझ, ट्रॅक्शन कंट्रोल, एसी सगळे टॉर्कच मागतात, एक मध्यस्थ निवड करतो, आणि मग तो टॉर्क हवेच्या संथ आणि ठिणगीच्या जलद वाटेवर वाटला जातो. तुमचा कंट्रोलर थेट थ्रॉटलचा कोन देत असेल तर या सगळ्याला वळसा घालतोय. त्याला टॉर्क मागू द्या. मर्यादांचा हिशेब पुढे बघत करायचा असेल तर मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल आहेच, आणि तोही आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. जनरल मोटर्सनं ओडिस या इटालियन कंपनीबरोबर टर्बो पेट्रोल इंजिनांसाठी तो उत्पादनात नेला, २०१८ च्या सुमारास. त्यातही आतलं मॉडेल कामाच्या बिंदूगणिक सरळ केलेलं आहे.

इलेक्ट्रिक गाडीत मॅनिफोल्ड नाही, टॉर्क काही मिलिसेकंदांत मिळतो, म्हणून उलटं गणित सोपं होतं आणि झोका मोटरच मारू शकते. प्ले मात्र तिथेही आहेच. एका पेडलवर चालवताना रिजनमुळे (मोटरनंच ब्रेक लावून वीज परत घेण्यामुळे) टॉर्क शून्य ओलांडतो तोही फार वेळा.

तुमच्या गाडीवर या क्रमानं जा. सगळा फीडबॅक बंद करा आणि नुसत्या उलट्या गणितावर, सपाट रस्त्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरात ०.५ आणि १ ची मागणी द्या. त्वरण १० टक्क्यांच्या आत आलं नाही तर फीडबॅकला हात लावू नका, जडत्व आणि टॉर्कचा मॅप तपासा. मग टॉर्कच्या मागणीत एक छोटी पायरी द्या आणि इंजिनाचा वेग, चाकांचा वेग, त्वरणमापक हे सगळं १० मिलिसेकंदांनी नोंदवा. त्या एका नोंदीत उशीर, झोक्याची वारंवारिता आणि प्ले तिन्ही मिळतात: वेग हलायला लागेपर्यंतचा वेळ, त्यानंतरच्या लाटेचा काळ, आणि सुरुवातीला इंजिन पळतंय पण चाक हलत नाही तो तुकडा. चाकाच्या वेगाची नोंद कमी वेगाला पायऱ्यापायऱ्यांची दिसेल, कारण एबीएसच्या सेन्सरला फेऱ्याला मोजकेच दात मिळतात. ती गुळगुळीत करायला फिल्टर लावाल तेव्हा त्याचा उशीरही वरच्या ०.२ सेकंदांत धरा.